मोपा–मुंबई रात्रीची विमानसेवा : निर्णयाला पैकीच्या पैकी, माहितीला भोपळा

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून मुंबईला जाणाऱ्या एका विमान कंपनीच्या रात्रीच्या शेवटच्या फेरीचे हे परीक्षण आहे. आसने, खाणे, सामानाचे वजन या नेहमीच्या बाबींना सव्वा तासाच्या प्रवासात फारसे महत्त्व नसते, म्हणून त्या शेवटी उरकून घेतो. विमान कंपनीची खरी पारख होते ती प्रवासी दाराशी रांगेत उभे असताना वैमानिक किंवा केबिन क्रूपैकी कोणी आजारी पडला अथवा थकला तर ती कशी वागते यावरून. या कंपनीने आजारी सहवैमानिकाला विमानात न बसवता फेरी सकाळवर ढकलली, हे तिने फार चांगले केले. ती का ढकलली हे प्रवाशांना कळू नये म्हणून तिच्या कर्मचाऱ्यांनी जो खटाटोप केला, त्याचे मात्र कसलेही समर्थन होऊ शकत नाही. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ही लपवाछपवी थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी चालते आणि एकीचे नाव घेतले की बाकीच्या साळसूदपणे सुटतात.

मोपाहून 5 जानेवारी 2023 पासून प्रवासी विमाने सुटू लागली आणि बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ या पट्ट्यातील लोकांचा दाबोळीचा वळसा वाचला. गणपती, शिमगा आणि मे महिना या तिन्ही हंगामांत परतणाऱ्या चाकरमान्यांची या रात्रीच्या विमानाला चांगलीच गर्दी असते, कारण दिवस घरच्यांबरोबर घालवून, जेवूनखाऊन निघता येते आणि दुसऱ्या दिवशी कामावरही हजर होता येते. प्रवाशाला सोयीची असलेली ही वेळ विमान चालवणाऱ्यांसाठी मात्र दिवसाचे शेपूट असते. बहुतेक वेळा तेच विमान सकाळपासून अनेक शहरे करून आलेले असते, प्रत्येक ठिकाणी दहा-वीस मिनिटे साचत जातात आणि तो सगळा उशीर शेवटच्या फेरीच्या पदरात पडतो.

यंदा शिमग्यानंतरच्या परतीच्या गर्दीत विमान उशिरा आले, प्रवासी उतरले, सफाई झाली, तरी आम्हाला आत सोडेनात. काउंटरवरच्या मुलाने ‘ऑपरेशनल कारणामुळे विलंब’ अशी घोषणा केली आणि कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच तीन शब्द ऐकवले. काचेपलीकडे, खांबाला टेकून बसलेला तरुण सहवैमानिक आमच्यापैकी अनेकांना दिसत होता. तो नाक चिमटीत धरून गाल फुगवी, मग मान एका बाजूला कलती करून तळहाताने कान दाबी आणि पुन्हा तेच करी. ज्याला कान उघडत नाहीत त्याची ही धडपड ओळखायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. त्यानंतर बऱ्याच वेळाने कॅप्टन असलेल्या बाई स्वतः दाराशी आल्या आणि काउंटरवरचा मुलगा द्यायला तयार नसतानाही त्यांनी मायक्रोफोन घेतला. आपल्या सहवैमानिकाची प्रकृती उड्डाणास योग्य नाही, त्याने ते स्वतःहून कळवले आहे, आपण त्याच्याशी सहमत आहोत, बदली वैमानिक मुंबईहून यायचा आहे आणि त्यामुळे हे विमान आज रात्री सुटणार नाही, एवढेच त्यांनी शांतपणे सांगितले. संपूर्ण सेवेतला हा सर्वोत्तम क्षण होता. त्याचे श्रेय त्या बाईंना द्यायला हवे, कारण कंपनीच्या काउंटरची भूमिका अखेरपर्यंत उलटीच राहिली.

रांगेत साहजिकच दोन तट पडले. एक गृहस्थ ‘सर्दीच झाली आहे ना, मग गोळी घेऊन बसता येत नाही का?’ असे मोठ्याने विचारत होते आणि त्यांना दुजोरा देणारेही कमी नव्हते. माझ्या शेजारच्या व्हीलचेअरवर कुडाळकडच्या एक आजी होत्या. केबिन क्रूमधली एक मुलगी बहुधा त्याच बाजूची असावी, कारण ती खाली वाकून त्यांना मालवणीतच म्हणाली, “आजी, पायलटाक बरा वाटणा नाय. अशा वेळाक इमान उडवूचा नसता.” त्यावर आजी म्हणाल्या, “मगे ऱ्हवांदे गो. घाय कोणाक हा?” कंपनीने प्रवाशांशी बोलायला माणसे शिकवून तयार करायची असतील, तर तिने त्या मुलीकडून धडे घ्यावेत.

गोळीचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण तो सर्रास मांडला जातो. विमान उंचावर असताना आतल्या हवेचा दाब समुद्रसपाटीइतका राखलेला नसतो. तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. विमान खाली येऊ लागले की हा दाब वाढतो आणि मधल्या कानात बाहेरची हवा शिरावी लागते. घसा आणि कान यांना जोडणारी बारीक नळी सर्दीने सुजून बंद झाली असेल, तर पडदा आत ओढला जातो, वेदना असह्य होतात, चक्कर येऊ शकते आणि प्रसंगी पडदा फाटतो. हे सगळे नेमके उतरण्याच्या वेळी घडते, म्हणजे वैमानिकाचे सगळे लक्ष धावपट्टी, वेग आणि नियंत्रण कक्षाचे शब्द यांवर हवे असते त्याच मिनिटांत. मालवण-तारकर्लीला स्कूबा करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. सर्दी असलेल्या पर्यटकाला जाणता प्रशिक्षक पाण्यात उतरवत नाही, त्याचे कारण हेच आहे. राहिली गोळी. सर्दीवर घराघरात घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्या अॅलर्जीविरोधी औषधांच्या असतात आणि त्यांतल्या जुन्या प्रकारच्या गोळ्या तर हटकून झोप आणतात. म्हणजे ज्याला घरी आपण ‘गोळी घे आणि पडून राहा’ म्हणतो, त्याला येथे गोळी घेऊन दीडशेच्या वर माणसांचे विमान खाली उतरवायला सांगायचे, असा त्या मागणीचा अर्थ होतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या नियमांत, म्हणजे शिकागो कराराच्या परिशिष्ट 1 मध्ये, आपली प्रकृती कमी पडते आहे याची जाणीव असलेल्या परवानाधारकाने परवान्याचा वापर करू नये असे बंधन आहे. वार्षिक वैद्यकीय तपासणीत तो ठणठणीत ठरला होता या गोष्टीचा आजच्या रात्रीच्या कानाशी काही संबंध नाही.

केबिन क्रूच्या आजाराकडे तर प्रवासी आणखी हलकेपणाने पाहतात, जणू त्यांचे काम पाणी आणि सँडविच देण्याचेच आहे. प्रत्यक्षात त्यांची संख्या आणीबाणीत प्रवाशांना बाहेर काढण्याच्या दृष्टीने ठरलेली असते. साधारण हिशेब दर 50 आसनांमागे एक असा आहे, म्हणून 180 आसनांच्या विमानाला किमान चौघे लागतात आणि त्यांतली एक तापाने फणफणली, तर बदली मिळेपर्यंत भरलेले विमान हलू शकत नाही.

आजार निदान दिसतो. थकव्याचे तसे नाही, आणि या सेवेच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते ती थकव्याची. भारतात कामावर येणाऱ्या वैमानिकाच्या श्वासाची मद्यासाठी यंत्रावर तपासणी होते, उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य असते आणि मद्यांश असलेला माउथवॉशही चालत नाही. झोप किती झाली हे दाखवणारे तसे यंत्र मात्र दारावर ठेवलेले नाही. ‘नेचर’ या नियतकालिकात 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासानुसार, सलग 17 तास जागा राहिलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्याकडे मोटार चालवण्यासाठीही मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे यंत्रात शून्य दाखवणारा वैमानिक पहाटे तीनला उठून रात्री दहाला मोपाहून निघाला असेल, तर त्याची अवस्था रस्त्यावर पोलिसाने अडवावी अशी असू शकते, आणि ते कळण्याचा प्रमुख मार्ग म्हणजे त्याने स्वतः तसे सांगणे.

याच किनाऱ्यावर खाली दक्षिणेला, मंगळुरूमध्ये, 22 मे 2010 च्या सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग 737 धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि 158 माणसे गेली. आठ जण वाचले. कॉकपिटमधील आवाजांची जी दोन तास पाच मिनिटांची नोंद मिळाली, तिच्यातील सुरुवातीची सुमारे एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन झोपेत होता आणि त्याचे घोरणे त्या नोंदीत आहे. चौकशीत मुख्य कारण ठरले ते विमान नीट स्थिरावलेले नसताना, सहवैमानिकाने तीनदा पुन्हा वर जाण्यास सुचवूनही, कॅप्टनने उतरण्याचा हट्ट धरला हे. मात्र गाढ झोपेतून उठल्यानंतर काही काळ डोके जे जड राहते, त्याचाही या चुकीच्या निर्णयात वाटा असल्याचे अहवालाने नोंदवले. ती वेळ पहाटेची होती. पहाटे दोन ते सहा हा काळ शरीराच्या घड्याळाचा सर्वांत खालचा बिंदू मानला जातो, आणि टेकडीच्या माथ्यावरची धावपट्टी त्या काळात कोणाला माफ करत नाही. आंबोलीचा घाट पहाटे उतरणाऱ्या ड्रायव्हरला ही गोष्ट अंगवळणी पडलेली असते, तरी विमान म्हटले की सगळे आपोआप चालते असा प्रवाशांचा समज असतो.

नियमांनी या बाबतीत अलीकडे बरीच मजल मारली आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी 2024 मध्ये वैमानिकांच्या ड्यूटीचे सुधारित नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली, ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली आणि रात्रीच्या एका ड्यूटीत विमान जास्तीत जास्त किती वेळा उतरवायचे ती मर्यादा सहा वेळांवरून दोन वेळांवर आणली. कंपन्यांच्या विरोधामुळे हे सगळे लांबत गेले. न्यायालयात प्रकरण गेल्यावर त्याचा एक भाग 1 जुलै 2025 पासून आणि उरलेला 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. त्यानंतर डिसेंबरात काय झाले ते सर्वांनी पाहिले. इंडिगोने नव्या नियमांना पुरतील एवढ्या वैमानिकांची तजवीज केलेली नव्हती, 5 डिसेंबर रोजी एका दिवसात तिची एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि शेवटी सरकारला रात्रीच्या काही अटींतून तात्पुरती सूट द्यावी लागली. त्या दिवसांत विमानतळांवर ‘हे नवे नियमच नडले’ असे जे ऐकू येई, ते मला मुळीच पटले नाही. जवळजवळ दोन वर्षे आधी जाहीर झालेला नियम लागू झाल्यावर माणसे कमी पडली, तर दोष माणसे न भरणाऱ्याचा असतो.

मोपाच्या रात्रीच्या फेरीला हे नियम थेट लागू पडतात. वेळापत्रकात ती मध्यरात्रीच्या आत आहे. उशीर होत होत ती बाराच्या पुढे सरकू लागली की रात्रीच्या ड्यूटीची कडक मर्यादा आड येते आणि दिवसभरात आधीच अनेकदा उतरलेला चमू त्या मर्यादेत बसत नाही. म्हणून या विमानाला थोडा उशीर झाला तर ते बहुधा जाते, आणि बराच झाला तर ते एकदम सकाळवर जाते. प्रवाशांना हा प्रकार लहरीपणा वाटतो. त्यामागचे हे गणित कंपनीने तिकिटावर दोन ओळींत छापायला काहीच हरकत नाही.

आता ज्या बाबीवर माझे सर्वांत जास्त मतभेद आहेत तिच्याकडे येतो. आजारी किंवा थकलेला कर्मचारी ‘मी आज उडू शकत नाही’ असे केव्हा म्हणेल? तसे म्हटल्याने आपले नुकसान होणार नाही याची खात्री असेल तेव्हाच. अमेरिकेत 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून 50 माणसे मेली. सहवैमानिक असलेली तरुणी देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती आणि तिला सर्दी होती. आता आजारी असल्याचे कळवले तर बरे वाटेपर्यंत स्वतःच्या खर्चाने हॉटेलात राहावे लागेल, अशा अर्थाचे तिचे बोलणे कॉकपिटच्या नोंदीत सापडले. अपघाताचे कारण वेग फार कमी झाल्याच्या यंत्राच्या इशाऱ्यानंतर कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे ठरले, थकव्याचा वाटा नेमका किती हे चौकशीला सांगता आले नाही. पण त्या अपघातानंतरच अमेरिकेने वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम मुळापासून बदलले. परगावी आजारी पडलेल्याच्या हॉटेलचे बिल कोण भरते, हा हिशेबनिसाचा वाटणारा प्रश्न असा थेट सुरक्षिततेला जाऊन भिडतो. आपल्याकडे वस्तीच्या एसटीचे चालक-वाहक शाळेच्या पडवीत नाहीतर गाडीतच रात्र काढून पहाटे पहिली फेरी काढत आले आहेत. त्यांच्या झोपेची चौकशी कधी कोणी केली नाही, आणि विमानवाल्यांच्या बाबतीतही आपली वृत्ती त्याहून फार वेगळी नाही.

याची दुसरी बाजूही आहे. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूपैकी शेकडो जणांनी व्यवस्थापनाशी असलेल्या वादातून एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली आणि अनेक उड्डाणे रद्द झाली. त्यांच्या तक्रारी रास्त असतीलही, परंतु आजारपण हे भांडणाचे हत्यार झाले की खऱ्या आजाऱ्याकडेही संशयाने पाहिले जाते. संशयाने पाहिले जाईल या भीतीने तो गोळी घेऊन विमानात बसतो. त्या रात्रीचा आमचा सहवैमानिक सगळ्यांच्या नजरेसमोर, शिव्या खात, खांबाला टेकून बसून राहिला. त्याला खरे तर आत कुठेतरी नेऊन झोपवायला हवे होते. कंपनीने त्याला प्रवाशांच्या समोर तसे उघड्यावर ठेवले याबद्दल मी तिचे गुण कापतो.

माहितीच्या बाबतीत तर भोपळाच. कॅप्टनने सगळ्यांसमोर कारण सांगितल्यानंतरसुद्धा मोबाइलवर आलेल्या संदेशात ‘ऑपरेशनल कारण’ असेच होते आणि लेखी कारण मागणाऱ्यांना काउंटरने सरळ टोलवले. आजाऱ्याचे नाव किंवा आजार जाहीर करावा असे कोणी म्हणत नाही. ‘चमूतील एक सदस्य उड्डाणास योग्य नसल्याने’ एवढे वाक्य पुरेसे आहे, आणि ते ऐकून निदान अर्धी माणसे तरी शांत होतात हे आम्ही तेथेच पाहिले. कंपन्या असे का करतात याचा एक अंदाज बांधता येतो. कारण अस्पष्ट ठेवले की ते ‘आमच्या हाताबाहेरचे’ होते असे नंतर म्हणता येते आणि भरपाईचा प्रश्न पातळ होतो. युरोपीय न्यायालयाने 11 मे 2023 रोजी टॅप या पोर्तुगीज कंपनीच्या प्रकरणात हा युक्तिवाद फेटाळला. श्टुटगार्टहून लिस्बनला पहाटे निघायच्या उड्डाणाचा सहवैमानिक हॉटेलात मृतावस्थेत सापडला होता, बाकीचा चमू त्या धक्क्याने उड्डाणास अयोग्य ठरला आणि बदली माणसे लिस्बनहून आणावी लागली. घटना दुःखद असली, तरी माणसे आजारी पडणे वा मरणे हे कंपनीच्या नित्य व्यवहारातच धरलेले असले पाहिजे, म्हणून प्रवाशांची भरपाई टळत नाही, असे न्यायालयाने ठरवले. तो निकाल मोपाला लागू नाही. त्यातला विचार मात्र येथे तंतोतंत बसतो, कारण राखीव वैमानिक मुंबईत ठेवायचा आणि मोपात ठेवायचा नाही, हा निर्णय पूर्णपणे कंपनीच्या हातातला आहे. निदान हंगामाच्या दिवसांत तरी तिने तो बदलावा.

राहण्या-खाण्याची सोय नियमाप्रमाणे झाली, पण मागितल्यावर. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर कंपनीने हॉटेल द्यायचे असते, आणि दोन तासांहून अधिक उशिराला या अंतराच्या प्रवासात खाणेपिणे द्यायचे असते. काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही. बांदा-सावंतवाडीचे लोक टॅक्सी करून घरी गेले आणि झोपले. मालवण-देवगडकडच्या कुटुंबांचे मात्र हाल झाले, कारण हॉटेलची गाडी यायलाच मध्यरात्र उलटली. पैसे परत मागणाऱ्यांना ते मिळाले, तेही कुरकुर न करता, हे नोंदवायला हवे.

सकाळी मुंबईहून बदली सहवैमानिक आला आणि विमान व्यवस्थित गेले. आसने अरुंद पण स्वच्छ होती, सामान सांताक्रूझला लवकर हाती आले, केबिन क्रूचे वागणे शेवटपर्यंत सौजन्याचे होते. ज्यांना दुसऱ्या दिवशी मुंबईत इस्पितळाची वेळ, परीक्षा किंवा कोर्टाची तारीख असेल, त्यांनी या फेरीच्या भरवशावर राहू नये. दुपारचे विमान किंवा संध्याकाळची कोकणकन्या बरी. बाकीच्यांनी ही फेरी खुशाल घ्यावी, सामानात एक जोड कपडे आणि रोजची औषधे वरच्या पिशवीत ठेवावीत, आणि गरम पाणी ओतून फुगवायचे पोहे दीडशे रुपयांना मिळतात ते घेऊ नयेत, कारण ते फुगत नाहीत.